पुढच्या गावात न चालणारा पैसा : काँगोतील प्रवासखर्चाची पाचशे वर्षे

१/
किन्शासा ही काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची राजधानी. तेथील दुकानात परदेशी प्रवाशाने शंभर डॉलरांची नोट पुढे केली, की दुकानदार ती प्रथम उजेडात धरतो. काठावर फाटल्याची बारीक खूण, शाईचा ठिपका किंवा विरलेली घडी दिसली, तर नोट परत येते. ती खोटी नसते. अमेरिकेत कोणीही ती घेईल. येथे मात्र तिला किंमत नाही. त्याच दुकानातून मोड म्हणून मिळणारे काँगोली फ्रँक मळके, चुरगळलेले, अर्धवट पुसट झालेले असले तरी निमूटपणे चालतात. असे का?

२/
या प्रश्नाचे उत्तर बँकेच्या नियमावलीत सापडत नाही. ते इतिहासात आहे. काँगो नदीच्या खोऱ्यात उतरणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला गेली पाचशे वर्षे एकच चिंता पडली आहे : आपल्याजवळचा पैसा पुढच्या मुक्कामी चालेल काय? आणि न चालल्यास नुकसान कोणी सोसायचे? आजच्या धाग्यात हा प्रवास शिंपल्यांपासून मोबाइलपर्यंत पाहू. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

३/
पोर्तुगीज दर्यावर्दी दियोगो काओ १४८२-८३ च्या सुमारास काँगो नदीच्या मुखाशी पोहोचला, तेव्हा तेथे काँगोचे सुसंघटित राज्य नांदत होते. त्याची राजधानी म्बान्झा काँगो आज अंगोलात आहे. या राज्याचे चलन होते ‘न्झिंबू’ नावाचे छोटे, गुळगुळीत शिंपले. ते मिळत लुआंडा बेटाच्या किनाऱ्यावर. स्त्रिया पाण्यात बुडी मारून वाळू उपसत, ती चाळून शिंपले वेचत, आणि आकारानुसार त्यांची प्रतवारी होई. २०,००० शिंपल्यांचे माप ‘कोफो’ म्हणून ओळखले जाई.

४/
येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शिंपले समुद्रात फुकट मिळतात म्हणून ते फुकटचे चलन नव्हते. लुआंडा बेटावर राजाचा अधिकारी बसे आणि उपशावर राजाची मक्तेदारी असे. म्हणजे ही एका अर्थी टांकसाळच होती. राजधानीकडे निघालेल्या व्यापाऱ्याने न्झिंबू घेतले, की वाटेतल्या बाजारांत ते चालणार याची त्याला खात्री असे. ती खात्री शिंपल्याच्या अंगी नव्हती; उपसा मर्यादित ठेवणाऱ्या राजसत्तेत होती.

५/
मग ही टांकसाळ हातची गेली. १५७५ मध्ये पोर्तुगिजांनी लुआंडा शहर वसवले. पुढे त्यांनी ब्राझीलच्या किनाऱ्यावरचे तत्सम शिंपले जहाजांतून आणून काँगोच्या बाजारात ओतले. सतराव्या शतकाच्या मध्यास लुआंडा बेटावरचा राजाचा हक्कही संपला. शिंपले तेच, पण त्यांची संख्या कोणाच्याच ताब्यात राहिली नाही. आपल्याकडे ‘कवडीमोल’ हा शब्द आहे. कवडीही एकेकाळी चोख चलन होते. तिचे मोल गेल्यावर मागे हा शब्द उरला. न्झिंबूची गत तीच झाली.

६/
दुसरे चलन कापडाचे. राफिया ताडाच्या तंतूंपासून विणलेले चौकोनी कापडाचे तुकडे ‘लिबोंगो’ या नावाने चालत. त्याचे अनेकवचन ‘म्बोंगो’. आजही किन्शासात बोलल्या जाणाऱ्या लिंगाला भाषेत पैशाला ‘म्बोंगो’च म्हणतात. लुआंडातील पोर्तुगीज सैनिकांचा पगारसुद्धा दीर्घकाळ याच कापडात होत असे. तांब्याची नाणी तेथे १६९४ मध्ये आली. नाण्याला पुढे ‘माकुता’ हे नाव मिळाले, तेही कापडाच्या मोजणीतून आलेले. हा शब्द लक्षात असू द्या. तो विसाव्या शतकात पुन्हा भेटणार आहे.

७/
तिसरे चलन धातूचे. दक्षिणेकडील कटांगा तांब्याने समृद्ध. तेथे वितळलेले तांबे साच्यात ओतून फुलीच्या आकाराच्या लगडी करत. या ‘कटांगा क्रॉस’चे वजन पुष्कळदा एक किलोच्या आसपास भरे. १९६० मध्ये कटांगा प्रांताने फुटून स्वतंत्र राज्याची घोषणा केली, तेव्हा त्याच्या ध्वजावर आणि १९६१ च्या नाण्यांवर हीच फुली होती. सत्तेला स्वतःची ओळख सांगायची असते, तेव्हा ती जुन्या पैशाची आठवण काढते.

८/
यावरून ‘मागासलेल्या लोकांचा विचित्र पैसा’ असा निष्कर्ष काढू नये. पेशवाईतही पुण्याहून निघालेल्या माणसाच्या कमरेच्या कशात अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना तऱ्हेचे रुपये असत. एका पेठेत चोख मानलेला रुपया दुसऱ्या पेठेत बट्टा दिल्याविना चालत नसे. सराफाचा धंदाच त्यावर उभा होता. देशभर एकच नाणे, एकाच भावाने, ही सवय जगाला फार उशिरा लागली. काँगोचे वेगळेपण पुढे आहे.

९/
एकोणिसाव्या शतकात युरोपीय प्रवासी आफ्रिकेच्या अंतर्भागात शिरू लागले. त्यांचा तळ झांझिबार. १८७१ मध्ये पत्रकार हेन्री मॉर्टन स्टॅन्ले लिव्हिंग्स्टनच्या शोधात निघाला, तेव्हा त्याने तेथील अनुभवी व्यापाऱ्यांना पहिला प्रश्न विचारला तो खर्चाचा. उत्तर मिळाले : शंभर माणसांच्या जेवणासाठी रोज १० डोटी कापड लागेल. डोटी म्हणजे चार वार. दोन वर्षांचा हिशेब झाला ७,३०० डोटी. मीटरमध्ये मांडले तर २६ किलोमीटरांहून अधिक लांबीचे कापड! हे प्रवासाचे अंदाजपत्रक होते, आणि ते पाकिटात मावणारे नव्हते.

१०/
कापडही कोणतेही नव्हे. ‘मेरिकानी’ म्हणजे अमेरिकी कोरे कापड, ‘कानिकी’ म्हणजे निळीत रंगवलेले, शिवाय रंगीत पट्ट्यांचे अनेक प्रकार. स्टॅन्लेने या व्यवस्थेचे सोपे समीकरण मांडले : मणी म्हणजे तांब्याचे नाणे, कापड म्हणजे चांदीचे, आणि टांगानिका सरोवरापलीकडे, म्हणजे आजच्या काँगोत, पितळी तार म्हणजे सोन्याचे. भाजी, अंडी मण्यांवर. शेळी, धान्य कापडावर. मोठा व्यवहार तारेवर.

११/
खरी मेख मण्यांत होती. काळे मणी उगोगो प्रदेशात चालत. बाहेर कोणी हात लावत नसे. अंड्याच्या आकाराचे मणी उजिजीच्या बाजारात मोलाचे, अन्यत्र नाकारलेले. पांढरे मणी एका भागात हवेसे, शेजारच्या भागात तुच्छ. त्यामुळे कोणत्या प्रदेशात किती दिवस मुक्काम पडेल, याचा आधी अंदाज बांधून प्रत्येक जातीचे मणी मोजून घ्यावे लागत. अंदाज चुकला, की पोतेभर ‘पैसा’ डोक्यावर असूनही काफिला उपाशी.

१२/
आणि हा पैसा वाहणार कोण? बैल, घोडे त्सेत्से माशीमुळे जगत नसत. उरला माणूस. एका हमालाच्या डोक्यावर साधारण ३० किलोंचे ओझे. त्या हमालाला रोज खायला लागे, म्हणजे त्याच्यासाठी आणखी कापड. ते वाहायला आणखी हमाल. त्यांच्यासाठी पुन्हा कापड. शिवाय वाटेतल्या प्रत्येक सरदाराला ‘होंगो’ नावाची जकात. पैसा वाहण्यातच पैसा संपत जाई. या खर्चाच्या तळाशी माणसांच्या माना आणि खांदे होते, हे प्रवासवर्णने वाचताना विसरू नये.

१३/
या व्यवहारात आपल्या किनाऱ्याचाही हात होता. झांझिबारच्या पेढ्या कच्छी भाटिया आणि खोजा व्यापाऱ्यांच्या. काफिल्यांना माल आणि उधारी तेथून मिळे. सिदी मुबारक हा लहानपणी गुलाम म्हणून भारतात विकला गेलेला आफ्रिकी. तो ‘बाँबे’ या नावाने ख्यात झाला आणि अनेक मोहिमांत काफिल्याचा नायक होता. लिव्हिंग्स्टनच्या सोबत नाशिकजवळच्या शरणपूर येथील मिशन शाळेत वाढलेले, गुलामीतून सुटलेले आफ्रिकी तरुणही होते. त्यांपैकी जेकब वेनराइट १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टनचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता.

१४/
लिव्हिंग्स्टनची आर्थिक कहाणी तर प्रत्येक प्रवाशाने वाचावी अशी. तो लुआलाबा नदीकाठच्या न्यांग्वे या बाजारगावी, आजच्या पूर्व काँगोत, होता. त्याच्यासाठी पाठवलेला माल सरोवराच्या पूर्व तीरावर उजिजीला ठेवलेला. तीच त्याची बँक. १८७१ च्या शरद ऋतूत थकून, आजारी अवस्थेत तो उजिजीला परतला, तेव्हा कळले की माल सांभाळणाऱ्याने तो सारा विकून टाकला आहे. एका दिवसात तो निष्कांचन झाला. स्टॅन्लेची प्रसिद्ध भेट झाली ती त्यानंतर थोड्याच दिवसांनी, म्हणजे ठेव बुडालेल्या माणसाला मदत पोहोचली होती.

१५/
१८७४ मध्ये याच सरोवरावर व्हर्नी लव्हेट कॅमेरॉन या इंग्रज अधिकाऱ्याला नाव भाड्याने हवी होती. नाववाल्याच्या मुनीमाला मोबदला हवा हस्तिदंतात. कॅमेरॉनकडे हस्तिदंत नाही. दुसऱ्या व्यापाऱ्याकडे हस्तिदंत होते, त्याला हवे कापड, तेही नाही. तिसऱ्याकडे कापड होते, त्याला हवी तार. तार कॅमेरॉनकडे होती! तार देऊन कापड, कापड देऊन हस्तिदंत, हस्तिदंत देऊन नाव, अशी साखळी जुळली तेव्हा तो पाण्यावर उतरला. अर्थशास्त्राची पुस्तके वस्तुविनिमयाची अडचण समजावताना आजही हाच प्रसंग सांगतात.

१६/
पाठ्यपुस्तके पुढचा प्रसंग मात्र क्वचितच सांगतात. कॅमेरॉन न्यांग्वेला पोहोचला. लुआलाबाच्या प्रवाहाने खाली जाण्यासाठी त्याला होड्या हव्या होत्या. त्याने कवड्या देऊ केल्या. होडीवाल्यांना कवड्या नको होत्या. त्यांना गुलाम हवे होते. कवड्या घरात पडून राहतील, गुलाम लगेच कामाला लावता येतील, असा तो हिशेब. कॅमेरॉनने गुलाम देण्यास नकार दिला, होड्या मिळाल्या नाहीत, आणि नदीचा मार्ग सोडून तो दक्षिण-पश्चिमेकडे वळला. काँगोच्या पूर्वभागात तेव्हा चांगला चालणारा ‘पैसा’ म्हणजे जिवंत माणूस होता.

१७/
दोन वर्षांनी त्याच जागी स्टॅन्ले आला. त्याने तोडगा काढला तो हस्तिदंत आणि गुलामांचा बडा व्यापारी टिप्पू टिप याच्याशी करार करून. ६० मजला सोबत करायची, मोबदला ५,००० डॉलर. हे डॉलर काँगोतल्या बाजारासाठी नव्हते. झांझिबारच्या पेढीवर वटणारा तो शब्द होता. सामर्थ्यवानांत परस्पर उधारी चालत होती. रोजचे भाजीपाल्याचे व्यवहार मात्र मण्यांवर. ही दोन पातळ्यांची व्यवस्था मनात ठेवा. आजच्या काँगोत ती पुन्हा दिसेल.

१८/
ऑगस्ट १८७७. स्टॅन्लेचा काफिला खंड ओलांडून काँगोच्या मुखाजवळ पोहोचला. ११५ माणसे उरली होती, स्त्रिया आणि मुलांसह, सारी उपासमारीने खंगलेली. त्यांच्याजवळ कापड होते, मणी होते, तार होती. पण हा अटलांटिकचा किनारा. येथे शतकानुशतके समुद्रमार्गे येणाऱ्या मालाचा व्यापार चालत आला होता, लोकांच्या आवडी निराळ्या होत्या. पूर्वेकडून आणलेले कापड आणि मणी पाहून गावकरी हसत. अन्न मिळे ते बाजाराच्या ठराविक दिवशीच, आणि भुकेल्या माणसाला बाजाराची वाट पाहता येत नाही.

१९/
तेव्हा स्टॅन्लेने पत्र लिहिले. पत्ता : एंबोमा (आजचे बोमा) येथील इंग्रजी जाणणारा कोणीही सद्गृहस्थ. मजकुरात परिस्थिती मांडली, पैसे फेडण्याचे वचन दिले, आणि ताजा कलम जोडला की माझे नाव आपणांस ठाऊक नसेल, तर लिव्हिंग्स्टनला शोधणारा तो मीच. काही दिवसांत तांदूळ, मासे, कापड, रम घेऊन माणसे आली. मण्यांच्या पोत्यांनी जे मिळाले नाही, ते एका सहीने मिळाले. ज्याची ओळख, त्याची पत. हमालांच्या नावावर मात्र कोणीही शेरभर तांदूळ पाठवला नसता.

२०/
१८८५ मध्ये बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याने ‘काँगो मुक्त राज्य’ ही खासगी जहागीरच स्थापली. १८८७ पासून तिची फ्रँकमधली नाणी निघाली. सेंटीमच्या तांब्याच्या नाण्यांना मधोमध भोक होते. नदीच्या वरच्या भागात मात्र चलन राहिले ‘मिटाको’, म्हणजे पितळी सळई. नाणे अखंड राहते, सळई कापता येते. हातोहाती तिचा तुकडा पडत गेला आणि मिटाको वर्षागणिक आखूड होत गेला. जोसेफ कॉनरॅड १८९० मध्ये काँगोत बोटीवर होता. ‘हार्ट ऑफ डार्कनेस’मध्ये त्याने रंगवलेल्या आफ्रिकी खलाशांना दर आठवड्याला तारेचे तीन तुकडे मिळतात, आणि त्यांनी विकत घ्यावे असे वाटेत काहीच नसते.

२१/
खरा अन्याय याहून मोठा होता. राज्याने गावांवर रबर आणि अन्न पुरवण्याची सक्ती केली. मोबदला दिलाच, तर राज्याने ठरवलेल्या भावाने आणि राज्याच्या मर्जीच्या वस्तूंत. पुरवठा कमी पडला, की ओलीस, फटके, बंदुका. ब्रिटिश वकील रॉजर केसमेंट याच्या १९०४ च्या अहवालात पितळी सळयांत आकारलेल्या दंडांखाली पिचलेली गावे दिसतात. म्हणजे गावकऱ्याला विकताना त्या सळईचे मोल किरकोळ, दंड भरताना मात्र तीच सळई जीवघेणी. १९०८ मध्ये बेल्जियमने काँगो ताब्यात घेतला. पुढे रोख डोईपट्टी आली. फ्रँक गावोगाव पोहोचला तो बाजाराच्या वाटेने कमी, कराच्या वाटेने जास्त.

२२/
३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र झाला. १९६७ मध्ये मोबुतूच्या राजवटीने नवे चलन आणले : झाईर. एका झाईरला दोन अमेरिकी डॉलर हा आरंभीचा दर. शंभरावा भाग ‘माकुता’; होय, तोच कापडाच्या मोजणीतून आलेला शब्द. तेव्हा किन्शासाला गेलेल्या प्रवाशाला स्थानिक पैशाची भीती बाळगण्याचे कारण नव्हते. १९७१ मध्ये देशाचेच नाव झाईर झाले. पुढे तांब्याचे भाव कोसळले, परकीयांचे उद्योग सरकारी मर्जीतल्या लोकांना वाटले गेले, आणि खर्च भागवण्यासाठी नोटा छापल्या जाऊ लागल्या.

२३/
२५ डिसेंबर १९७९. नाताळच्या दिवशी सरकारने ५ आणि १० झाईरच्या नोटा रद्द केल्या. बदलून घेण्यास मुदत मोजक्या दिवसांची आणि रकमेवर मर्यादा. २०१६ ची नोव्हेंबरमधली रात्र आठवणाऱ्या वाचकांना याची कल्पना चटकन येईल; पण येथे बँकेची शाखा म्हणजे अनेकांसाठी कित्येक दिवसांची वाट होती. खेड्यातल्या शेतकऱ्याने घरात जपलेली शिल्लक तेथेच कागद झाली. ज्यांच्या ओळखी होत्या, त्यांना मार्ग सापडले. स्टॅन्लेच्या पत्राचा धडा येथे उलट बाजूने गिरवला गेला.

२४/
१९९० नंतर घसरणीला तळ राहिला नाही. १९९२ च्या अखेरीस ५० लाख झाईरची नोट निघाली. तिची बाजारातली किंमत जेमतेम दोन डॉलरांच्या आसपास. १९६७ मध्ये एक झाईर जेवढ्याचा होता, तेवढ्याला आता ५० लाख! जानेवारी १९९३ मध्ये सैनिकांना पगार या नोटांत दिला गेला. पंतप्रधान त्शिसेकेदी यांनी ती नोट अवैध ठरवली होती. दुकानदारांनी ती घेतली नाही. संतापलेल्या सैनिकांनी किन्शासा लुटले. या धुमश्चक्रीत फ्रान्सचे राजदूत गोळी लागून ठार झाले. ‘चालत नाही’ या दोन शब्दांत किती रक्त असू शकते, ते त्या आठवड्यात दिसले.

२५/
ऑक्टोबर १९९३ मध्ये ‘नवा झाईर’ आला : ३० लाख जुन्यांचा एक नवा. तेव्हा हिऱ्यांच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या कासाई प्रांतांनी एक विलक्षण गोष्ट केली. त्यांनी नवी नोट नाकारली आणि रद्द झालेल्या जुन्या नोटाच वापरत राहिले. कारण साधे होते : रद्द झालेली नोट आता कोणी छापणार नव्हते. तिची संख्या ठरलेली होती, म्हणून ती सरकारी नोटेपेक्षा विश्वासू. लुआंडा बेटावरच्या शिंपल्यांचे तत्त्व येथे तीनशे-चारशे वर्षांनी पुन्हा अवतरले. प्रवाशाची पंचाईतही जुनीच : राजधानीतला पैसा म्बुजी-मायीत चालेना, मण्यांप्रमाणे.

२६/
किन्शासातल्या सामान्य माणसानेही आपला मार्ग शोधला. पगार हाती पडताच तो डॉलरमध्ये बदलायचा, लागेल तेवढाच मोडायचा. रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसणारे सराफ, म्हणजे ‘कांबिस्ट’, यांत स्त्रियाही मोठ्या संख्येने. त्यांच्या एका गजबजलेल्या ठिकाणाला लोकांनी विनोदाने ‘वॉल स्ट्रीट’ हे नाव दिले. मोबुतूची सत्ता मे १९९७ मध्ये संपली. ३० जून १९९८ रोजी काँगोली फ्रँक आला : एक लाख नव्या झाईरांचा एक फ्रँक. म्हणजे १९६७ चे ३०० अब्ज झाईर मिळून एक फ्रँक! १९९९ मध्ये डॉलरच्या वापरावर बंदी घालून पाहिली. बाजार आक्रसला, आणि २००१ मध्ये ती उठली.

२७/
आता नदीच्या पलीकडे पाहू. किन्शासासमोरच ब्राझाव्हिल, दुसऱ्या काँगोची राजधानी. तेथे फ्रान्सने १९४५ मध्ये सुरू केलेला सीएफए फ्रँक चालतो, युरोशी बांधलेला : एका युरोस ६५५.९५७. महागाईचा असा कडेलोट तेथे झाला नाही. पण किंमत त्यालाही मोजावी लागली : परकीय गंगाजळीचा मोठा भाग फ्रेंच कोषागारात, आणि १९९४ च्या जानेवारीत एका निर्णयाने चलनाचे मूल्य निम्मे. प्रवाशासाठी आणखी एक गोम : ब्राझाव्हिलचा सीएफए आणि डाकारचा सीएफए यांचे नाव एक, दर एक, पण एकाच्या नोटा दुसऱ्याच्या दुकानात चालत नाहीत.

२८/
आज किन्शासाला जाणाऱ्याचे अंदाजपत्रक दोन कप्प्यांचे असते. हॉटेल, विमानाचे तिकीट, मोठी खरेदी डॉलरमध्ये. टॅक्सी, फळे, पाणी फ्रँकमध्ये. फ्रँकची सर्वांत मोठी नोट २०,००० ची, आणि एका डॉलरला दोन हजारांहून अधिक फ्रँक पडतात. म्हणजे ती दहा डॉलरांनाही पुरत नाही. म्हणून शंभर डॉलर एकदम मोडू नयेत. कार्ड मोठ्या शहरांतल्या मोजक्या ठिकाणी चालते. अंतर्भागात त्यावर विसंबू नये. एक डॉलरची नोट बहुधा नाकारली जाते. एम-पेसा, एअरटेल मनी, ऑरेंज मनी या मोबाइल सेवांनी आता डॉलर आणि फ्रँक दोहोंचे व्यवहार फोनवर आणले आहेत. हमालाच्या डोक्यावरचे ओझे अखेर उतरले.

२९/
आता पहिल्या प्रश्नाकडे. फाटका डॉलर का चालत नाही? कारण हा पैसा काँगोचा नाही; तो छापणारी बँक समुद्रापलीकडे आहे. खराब नोट बदलून देण्यास येथे कोणी बांधील नाही. दुकानदाराला त्या नोटेचा मूळ मालक कोण याच्याशी कर्तव्य नसते. पुढचा माणूस ती घेईल काय, एवढेच तो पाहतो. पुढचाही तेच पाहतो. शिवाय डॉलर ही येथे शिल्लक आहे, मुलीच्या शिक्षणाची, आजारपणाची. तिच्यावर डाग नको. फ्रँक संध्याकाळपर्यंत हातावेगळा करायचा असतो, तो मळका असला तरी बिघडत नाही.

३०/
तेव्हा नोट उजेडात धरणारा तो दुकानदार खवट किंवा लोभी नाही. न्झिंबूचा पूर, आखूड होत गेलेला मिटाको, १९७९ चा नाताळ, ५० लाखांची नोट, हे सारे त्याच्या घराण्याने आणि शहराने सोसले आहे. प्रत्येक वेळी चलन ठरवणारे दुसरे होते आणि बुडीत खाते मात्र बाजारातल्या माणसाच्या नावावर पडले. परदेशी प्रवाशाचे फार तर शंभर डॉलर अडकतात. काँगोच्या माणसाची एकाच आयुष्यात दोनदा, तीनदा पुंजी गेली. म्हणून तेथे नोट परत आली, तर हुज्जत न घालता दुसरी कोरी नोट काढावी. धागा समाप्त.